स्वारगेटला कोण चाललंय?

रिक्षाच्या मागच्या सीटखाली काय काय निघतं ते रिक्षावाल्यालाच माहीत. बाळाचा एक मोजा, क्लासची वही, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, चष्म्याचं रिकामं घर. मुद्दाम कुणी ठेवत नाही, राहून जातं. किस्स्यांचंही तसंच. गेल्या दीड वर्षात आमच्या स्टँडवर ते इतके साठलेत की आता सीट नीट बसेना.

गौरी मॅडम म्हणाल्या, "रूपालीताई, लिहून काढा."

मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी झालेली."

"मग? रिक्षाचं लिहायला आठवी लागते का?"

म्हणून लिहितेय. मधेच उठावं लागलं तर समजून घ्या, पोरगी लहान आहे.

* * *

आमचा स्टँड कोथरूडला, पौड रस्त्यावर. स्टँडवर बाई मी एकटीच. आमच्यात सगळ्यात मोठे दत्ताकाका. ते इथल्या मूळ गावातले. आज जिथे मोठ्या सोसायटीचं गेट आहे तिथे त्यांचा हरभरा असायचा. त्याच गेटसमोर ते आता रिक्षा लावतात आणि वॉचमन हटकायला आला की म्हणतात, "तू कधीपासून हायेस इथं?"

तर एका सकाळी स्कूटीवरून एक मुलगी आली. पाठीला सॅक, हातात जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा, त्याला वर बोटभर शेंडी. म्हणाली, "मी गौरी. इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये पीएचडी करते. हा डबा तुमच्या रिक्षांमध्ये बसवू द्याल का?"

मग तिनं समजावलं. याला टॉवर नको, सिमकार्ड नको, इंटरनेट नको. एका रिक्षातला निरोप जवळच्या रिक्षातल्या डब्यात उडी मारतो, तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. पुढे अपघात झालाय, रस्ता बंद आहे, मागून अॅम्ब्युलन्स येतेय, हे सगळं गाड्याच एकमेकींना सांगणार, आणि तेही चालता चालता.

दत्ताकाकांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळत म्हणाले, "म्हंजे आम्ही सिग्नलला वरडून सांगतो, तेच हाय की हे."

"हो काका. तेच. फक्त न ओरडता."

"मग ह्यात पीएचडी कशाची?"

मॅडमनी डबा काकांच्या हातात दिला. म्हणाल्या, "न ओरडण्याची, काका."

पहिला डबा दत्ताकाकांच्या रिक्षात बसला.

* * *

दुसरा माझ्या रिक्षात बसला, तो मी मागून घेतला. त्याचं कारण सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझी मुलगी सई, चार वर्षांची, बालवाडीत जाते. तिला बाळदमा आहे. एरवी नुसती उड्या मारत असते, पण एकदा धाप लागली की तिच्या छातीतून मांजर बोलल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकलेल्या आईला पुन्हा नीट झोप लागत नाही. रिक्षा चालवताना दर सिग्नलला मी फोन बघते. फोन आला तर भीती वाटते आणि नाही आला तर जास्त भीती वाटते.

हे, म्हणजे सईचे पप्पा, चाकणला कंपनीत आहेत. त्यांना ड्युटीवर फोन जवळ ठेवता येत नाही. म्हणून घरी सईजवळ सासूबाई. त्यांना माझं रिक्षा चालवणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. बाई म्हणून नव्हे हं. त्या स्वतः तीस वर्षं घरकामाला गेल्यात, बाईनं कमवावं हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आजारी पोराच्या आईचा पत्ता एका जागी असावा.

आणि एक दिवस तसं झालंच. मी एका मॉलच्या खाली पार्किंगमध्ये पॅसेंजर सोडायला गेले, तिथे रेंज नाही. पॅसेंजरच्या सामानात वेळ गेला. वर आले तर फोनवर नऊ मिस्ड कॉल. शेजारच्यांनी सईला दवाखान्यात नेलं होतं. मी पोचेपर्यंत ती सावरली होती, बिस्कीट खात होती. सासूबाई मात्र बाहेर बाकावर बसलेल्या.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "रूपाली, एकदा झालं. चालायचं. पण पुन्हा जर तुला निरोप पोचला नाही, तर त्या दिवसापासून रिक्षा बंद. घरी बसून पोळ्या लाटून दे डब्यांना. मी मदत करीन."

मी "हो आई" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या बरोबरच बोलत होत्या.

त्याच आठवड्यात मॅडम तो डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की हा नुसता प्रयोग आहे, याच्यावर विसंबायचं नाही. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. टॉवर नसला तरी निरोप पोचतो, एवढंच माझ्या कानात राहिलं.

* * *

डब्याबरोबर मीटरशेजारी एक जुना मोबाईल चिकटवलेला असतो, सिमकार्ड नसलेला. निरोप त्याच्यावर दिसतात, आपणही लिहू शकतो. आणि डब्याची शेंडी बाहेर. लोकांना ती बघून राहवत नाही.

एक आजोबा बसले. कर्वेनगरचे, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. बसल्या बसल्या विचारलं, "हे काय? मीटर पळवायचं नवीन यंत्र?"

म्हटलं, "नाही काका. यानं रिक्षा एकमेकींशी बोलतात."

"काय बोलतात?"

"पुढे गर्दी आहे का, रस्ता मोकळा आहे का, असलं."

आजोबांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "माझा मुलगा वरच्या मजल्यावर राहतो. गणपतीनंतर आमचं बोलणं नाही. आणि तुमच्या रिक्षा बोलतात."

 उतरताना त्यांनी त्या शेंडीकडे नीट बघितलं आणि विचारलं, "घरी बसवून देतात का?"

* * *

आता गॅसच्या लाइनीचा किस्सा. हा मला फार आवडतो, कारण यात मी आहे.

पहिल्या दोन महिन्यांत आमच्या आणि स्वारगेटच्या स्टँडवरच्या रिक्षांत डबे बसले, ते चालत होते, पण निरोप गळत होते. मॅडम स्टँडवर लॅपटॉप घेऊन बसायच्या, स्वारगेटकडे निरोप सोडायच्या. दहातले सहा पोचायचे, चार कुठे जायचे पत्ता नाही. मॅडमचा चेहरा उतरायचा, आणि माझा त्याहून जास्त. मला वाटायचं, त्या चारात एखादा माझा असला तर?

एकदा एक निरोप गेला तो गेलाच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मॅडमनी हात टेकले. तासाभरानं अचानक तो स्वारगेटला पोचल्याचं दिसलं.

"एक तास? होता कुठे हा?" मॅडमनी नोंदी उघडल्या. निरोप इक्बालभाईंच्या डब्यात बसून होता.

इक्बालभाई आमच्याच स्टँडचे, स्वभावानं एकदम गरीब. ते परत आल्यावर मॅडमनी विचारलं, "भाई, साडेदहा ते साडेअकरा कुठे होता?"

"सीएनजीच्या लाइनीत, मॅडम. आज लई लंबी लाइन होती."

दत्ताकाका म्हणाले, "चला, निरोपानंबी ग्यास भरून घेतला."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पण डब्यानं बरोबरच केलं होतं. नियम असा आहे की जी रिक्षा सगळ्यात पुढे, स्वारगेटच्या जास्त जवळ, तिच्याकडे निरोप द्यायचा. इक्बालभाई सगळ्यात पुढे होते."

मी आपली सईचं स्वेटर विणत बसले होते. सहज बोलून गेले, "पुढे असले म्हणून काय झालं? ते स्वारगेटला निघाले होते का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, "आमच्या स्टँडची रीत बघा ना. भाडं बसलं की निघताना प्रत्येक जण ओरडून जातो, 'स्वारगेट!' 'डेक्कन!' 'येरवडा!' का? तर कुणाला काही पाठवायचं असेल, चावी, चष्मा, मुलाचा डबा, तर तिकडे जाणाऱ्याकडे देता यावं. पुढे कोण उभा आहे ते आम्ही बघतच नाही. 'स्वारगेटला कोण चाललंय?' एवढंच विचारतो. पुढचा माणूस चहाला वळला तर?"

मॅडमनी लॅपटॉप मिटला, तो पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "ताई, परत सांगा. हळूहळू सांगा. मी लिहून घेते."

आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी लिहून घेतलं. नाही म्हणायला शाळेत बाईंनी घेतलं होतं, ते मुख्याध्यापकांना दाखवायला.

पुढच्या महिन्यात मोबाईलवर बटणं आली. भाडं बसलं की कुठल्या बाजूला चाललो ते बटण दाबायचं. रिक्षा कुठे आहे एवढ्यावर डबा आता थांबत नाही, ती कुठे निघालीय तेही बघतो. तिकडे जाणारं कुणीच जवळ नसेल तर घाईनं भलत्याच्या गळ्यात मारत नाही, निरोप स्वतःजवळ धरून ठेवतो, योग्य गाडी भेटली की देतो. मॅडमच्या कागदात याला लांबलचक इंग्लिश नाव आहे. स्टँडवर सगळे "रूपालीचा नियम" म्हणतात. दहातले नऊ पोचायला लागले.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आणि दहावा?"

* * *

वायरलेसचा किस्सा छोटा आहे.

डेक्कनला एका हवालदारांनी मला बाजूला घेतलं. शेंडीला हात लावून म्हणाले, "हे काय बसवलंय?"

म्हटलं, "साहेब, कॉलेजचा प्रयोग आहे. वायरलेस." आणि मॅडमनी दिलेलं पत्र पुढे केलं.

"वायरलेस तुमच्याकडे? वायरलेस आमच्याकडे असतो." पत्र वाचलं, परत दिलं. मग मोबाईलकडे बघून विचारलं, "चालतं का हे खरंच?"

"चालतं, साहेब."

त्यांनी मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग जरा विचारा की. मोठे साहेब पुढच्या चौकातून निघाले का?"

विचारलं. निघाले होते. हवालदारांनी लगेच टोपी नीट केली.

* * *

मॅडमच्या सरांना एकदा माझ्याशी बोलायचं होतं, म्हणून मी कॉलेजात गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "कामाच्या बायका मागच्या दारानं." मी म्हटलं, "दादा, मी पण कामालाच आलेय, पण माझं काम तिसऱ्या मजल्यावर आहे." त्यानं वर फोन लावला, आणि मॅडम स्वतः खाली आल्या मला न्यायला. जिना चढताना मी मुद्दाम मागे वळून बघितलं नाही. खरं तर बघितलं, एकदाच.

वर मोठ्या पडद्यावर पुण्याचा नकाशा, आणि त्यावर ठिपके पळतायत. एकेक ठिपका म्हणजे एकेक रिक्षा. तोवर कोथरूड, कर्वे रस्ता, स्वारगेट असे तीन स्टँड धरून चाळीसेक डबे बसले होते. मुंग्यांची रांग कशी तोंडाला तोंड लावून पुढे जाते, तसं ते दिसत होतं.

सरांनी एक ठिपका दाखवला. "हा तुमचा. एक शंका आहे. रोज दुपारी बारा-सव्वाबाराला हा इथे येतो. पाच मिनिटं हलत नाही. इथे स्टँड नाही, सिग्नल नाही. मग पुन्हा सुरू होतो. डबा बिघडलाय का?"

मी पडद्याजवळ जाऊन बघितलं. ती सईच्या बालवाडीची मागची भिंत होती.

खोटं बोलता येईना. म्हटलं, "सर, डबा चांगला आहे. तिथे एक खिडकी आहे. माझी मुलगी आत असते. ती नीट श्वास घेतेय का, एवढं बघून मी पुढे जाते. तिला दिसत नाही मी."

मला वाटलं आता डबा काढून घेतात. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तो वेळ मी नोंदीतून वगळते."

सर म्हणाले, "अजिबात वगळू नका. रस्त्यावर आयासुद्धा असतात. गाड्या कशा चालतात ते शोधायचंय ना आपल्याला? मग त्या कशासाठी थांबतात तेही आलंच."

मग मला म्हणाले, "फक्त थांबताना तिथलंही बटण दाबत जा."

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर एक नवीन बटण होतं. त्याच्यावर लिहिलं होतं, "सई".

* * *

आता शेवटच्या चाचणीचं सांगते.

मॅडमचं काम तपासायला बाहेरगावाहून एक साहेब येणार होते. चाचणी कोथरूड ते स्वारगेट. त्यांनी आधीच यादी पाठवली होती, किती निरोप, कुठला कधी सोडायचा, सगळं. आणि एक अट. रिक्षावाल्यांचे स्वतःचे फोन बंद करून एका पिशवीत ठेवायचे, म्हणजे फोनवरून कुणी कुणाला सांगितलं अशी शंका नको.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "रूपालीताई, तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. मला माहितेय तुमचं."

त्या रात्री मी सासूबाईंना सांगितलं. "आई, उद्या सकाळी सई बालवाडीला जायच्या आधी दोन तास माझा फोन बंद असेल. काही लागलं तर खाली स्टँडवर मॅडम बसलेल्या असतील, त्या डब्यातून निरोप देतील." आमचं घर स्टँडच्या मागच्याच वस्तीत, दोन मिनिटांवर.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघ बाई. मी काय म्हटलं होतं ते तुझ्या लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

सकाळी पिशवीपाशी मी फोन पुन्हा एकदा बघितला. इक्बालभाई म्हणाले, "ताई, टेन्शन मत लो. चाळीस डबे आहेत रस्त्यावर." मी टाकला.

मी स्वारगेटच्या टोकाला होते. यादीतले निरोप येत होते, "रस्ता मोकळा", "डावीकडे काम चालू", "अॅम्ब्युलन्स मागून". मी बटण दाबून मिळाल्याचं कळवत होते. सगळं छान चाललं होतं. सारसबागेवरून वळून परत स्वारगेटला येतेय तोच मोबाईलवर निरोप आला.

"सईला धाप. पंप सापडत नाही. कुठे ठेवलाय? आई."

पंप म्हणजे तिचं तोंडात मारायचं औषध. जुना आदल्या दिवशी संपला होता. नवीन मी आणला होता, पण सई जुन्याची पिचकारी करून खेळताना दिसली, म्हणून नवीन मी जपून ठेवला. आपण जपून ठेवायची वस्तू कुठे ठेवतो? लग्नाच्या शालूत. आणि हे मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. एवढी काळजी करणारी मी, आणि नेमकं तेच सांगितलं नव्हतं.

रिक्षा कशी बाजूला घेतली आठवत नाही.  लिहिलं, "कपाट. वरचा कप्पा. हिरव्या शालूच्या घडीत." पाठवलं. कोथरूडचं बटण दाबलं आणि रिक्षा सरळ घराकडे सोडली.

तो निरोप माझ्यापुढे धावत होता आणि मला तो दिसत नव्हता. दांडेकर पुलाला मी सिग्नलला अडकले. बाजूच्या स्कूटरवाल्याला वाटलं असेल ही बाई मोबाईलला नमस्कार करतेय. म्हात्रे पूल आला. पुलावर आमची एकही रिक्षा नव्हती.  मधे कुणीच नाही, मग गेला कसा असेल? नळ स्टॉपपर्यंत मी शालूला शिव्या देत होते.

नंतर मॅडमनी पडद्यावर दाखवलं. दांडेकर पुलाला दोन रिक्षा होत्या. पुढची जी होती ती सिंहगड रस्त्याला वळली. जुना नियम असता तर निरोप तिच्यात बसून सिंहगड रस्त्याला गेला असता. मागे होते इक्बालभाई, पण त्यांचं बटण कोथरूडचं होतं. निरोप त्यांच्याकडे गेला. म्हात्रे पुलावर पुढे कुणी नाही म्हणून त्यांच्याच डब्यात बसून राहिला, त्यांच्याबरोबर पूल ओलांडला, आणि नळ स्टॉपला दत्ताकाका भेटल्याबरोबर त्यांच्याकडे गेला. तिथून स्टँड.

हे सगळं नंतर. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

स्टँडवर पोचले तर सासूबाई मॅडमच्या खुर्चीवर बसलेल्या आणि सई त्यांच्या मांडीवर. केस घामानं चिकटलेले, पण छाती शांत. मला बघून म्हणाली, "मम्मी, मला साडीतला पंप दिला." पदर खांद्यावर कुठे आणि मी कुठे. तिला छातीशी धरलं आणि कान लावून ऐकत बसले. मांजर बोलत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "तुझं उत्तर आलं तेव्हा मी तिला घेऊन इथेच उभी होते. शेजारच्या संगीताला पळवलं घरी. डॉक्टरांना दाखवून पण आणलं, इथे कोपऱ्यावरच्या. ठीक आहे म्हणाले."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेरून आलेले साहेब मात्र कागद घेऊन उभे होते, जरा अवघडलेले. त्यांचा दोष नव्हता, त्यांना त्यांचं काम होतं. ते म्हणाले, "मॅडम, झालं ते फारच चांगलं झालं. पण हे दोन निरोप आपल्या यादीत नव्हते. चाचणीत धरता येणार नाहीत."

मॅडम काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मग यादी चुकलीय तुमची."

साहेबांनी कागदाकडे बघितलं. मग पेन काढलं आणि यादीच्या खाली हातानं दोन ओळी लिहिल्या. वेळ विचारून घेतली आणि तीही लिहिली.

मी सईला घेऊन उठले. म्हटलं, "चला आई, घरी. आज आता मी कुठे जात नाही."

सासूबाईंनी माझ्या कडेवरून सईला काढून घेतलं.

"घरी काय घरी? तू तिथून उठून आलीस, म्हणून स्वारगेटचे बाकीचे निरोप अडकलेत असं ह्या मॅडम मघापासून म्हणतायत. पोरगी आहे माझ्याजवळ. जा, तुझी जागा धर."